पंचवीस तारखेची पार्टी

"मुखवटा गेला. कोनाड्यातली पेटी उघडी, आत मुखवटा नाही. लवकर या मॅडम, सासूबाई अंगणात उभ्या राहून त्या वायरमनचं नाव घेतायत."

सव्वीस डिसेंबरची सकाळ, सात वाजलेले. हवालदार सरिता हाटे आदल्या दिवशी महाडला बंदोबस्तात बारा तास उभी होती. पायांचे गोळे अजून दुखत होते. तिनं चहा अर्धा ठेवला आणि गाडी काढली.

पोलादपूरपासून चार किलोमीटरवरच्या वाडीत उतेकरांचं घर. अंगणात शेजारपाजार जमलेला. फोन केला होता तो धाकट्या सुनेनं, समीक्षानं. ती दारात उभी होती. सासू रंगूबाई पायरीवर.

"विपुलच," रंगूबाई म्हणाल्या. "काल चार वाजता ट्यूब बसवाया आला. त्याच्याबिगर परकं माणूस घरात आलंच नाय."

"परकं नाही आलं, एवढंच म्हणा," सरिता म्हणाली.

"तुमी तुमच्या माणसाची बाजू घेणार, म्हाईत हाय मला."

सरितानं हे ऐकलं आणि वही उघडली. नोकरीला एकवीस वर्षं झाली होती. असलं वाक्य वहीत लिहायचं नसतं, हे ती पहिल्याच वर्षी शिकली होती.

विपुल साळवीचं नाव मात्र तिच्या टेबलावर आधीच होतं, दुसऱ्याच कागदावर. एमआयडीसीतल्या एका कंपनीत त्याला कायमची जागा मिळत होती. त्याच्या चारित्र्य पडताळणीचा अहवाल आज संध्याकाळी पाचपर्यंत जायचा होता. त्याआधी चोरीची तक्रार नोंदली गेली, तर जागा गेली.

"मुखवटा कसला?"

"लक्ष्मीचा. चांदीचा," समीक्षा म्हणाली. "मार्गशीर्षातल्या गुरुवारी घटावर बसवतो. आज शेवटचा गुरुवार, उद्यापन. संध्याकाळी चारला बायका यायच्यात. काल दुपारी तीनला मी पुसून पेटीत ठेवला. सकाळी सहाला बघते, तर नाही."

"पेटीत आणखी काय होतं?"

"चांदीची दोन निरांजनं. ती आहेत. मुखवटा गेला, त्याची नथ गेली आणि लाल वस्त्र गेलं."

सरितानं पेटीत डोकावून पाहिलं. निरांजनं जड होती. वस्त्र म्हणजे वीतभर साटीन, बाजारात चाळीस रुपयांना मिळतं.

"घर रिकामं कधी होतं?"

"साडेसहा ते आठ. मी आणि सासूबाई वाडीत हळदीकुंकवाचं बोलावणं करायला गेलो. हे शिर्डीला गेलेत."

"कुलूप?"

"लावलं होतं. आलो तेव्हाही लावलेलंच होतं. किल्ली तुळशीमागच्या खाचेत असते, तिथंच होती."

"विपुलला ती खाच माहीत?"

"त्याला मीच दार उघडलं, मीच लावलं."

रंगूबाई मध्येच म्हणाल्या, "बघितली असंल. त्येंचे डोळे चारीकडं."

"हा मुखवटा मूळचा कुणाचा?"

समीक्षानं सासूकडे पाहिलं. मग रंगूबाई म्हणाल्या, "माझ्या सासूचा. यंदा मी धाकटीला दिला. माझं दुखलंखुपलं हीच बघते. थोरली महाडला फ्लॅटात."

"थोरलीला वाईट वाटलं?"

"तिला कशाला वाटंल? नवरा जहाजावर, तिची मजा. काल तर तिच्याकडं पार्टी होती. ख्रिसमसची." रंगूबाईंनी पदर सारखा केला. "खरंच करत्यात का गो मॅडम असल्या पार्ट्या? आपल्यात कोन करतंय? आन कोन जातंय?"

"गेले होते की," समीक्षा म्हणाली आणि तिनं मोबाइल पुढे केला. "स्टेटस बघा. काल साडेसातचं आहे. मी सात वेळा पाहिलं." तिचा आवाज जरा आंबट झाला. "मानसीताईंना केक, टोप्या. आम्हाला गोठा."

फोटो तीन होते. पहिल्यात केक. दुसऱ्यात सहा हातांत सहा ग्लास. तिसऱ्यात स्वतः मानसी, डोक्यावर लाल टोपी, छान हसणारी. तिच्यापुढे ताटली आणि ताटलीत चिकन लॉलीपॉप, हाडांना चांदीचा कागद गुंडाळलेला. खाली लिहिलं होतं: घरी ख्रिसमस पार्टी, माझ्या महाडच्या मैत्रिणींसोबत.

"महाडला किती वर्षं झाली त्यांना?"

"दीड. त्याआधी नेरूळला होत्या."

सरितानं फोटो आपल्या मोबाइलवर मागवून घेतले.

विपुल ठाण्यात बाकावर बसला होता. कोणी बोलावलं नव्हतं, आपणहून आला होता. अठ्ठावीस वर्षांचा, गप्प स्वभावाचा.

"साडेपाचला काम झालं. तसाच महाडला गेलो. पंचवीस डिसेंबरला, मनुस्मृती दहन दिनाला, आम्ही दर वर्षी जातो, मॅडम. बाबांबरोबर लहानपणापासून."

"बाबा होते काल?"

"नाय. गुडघे धरलेत त्यांचे. एकटाच गेलो."

"कोणी पाहिलं तुला?"

"सगळ्यांनी पाहिलं असंल, आन कुणीच नाय. सगळेच पांढऱ्या शर्टात."

"एखादा फोटो?"

"नाय काढला. भाषणं ऐकायला गेलो होतो."

सरिताही काल त्याच गर्दीत उभी होती आणि तिलाही तो दिसला नव्हता. एवढ्या माणसांत असलेल्या या पोराला साक्षीदार एक नाही. आणि फ्लॅटातल्या बाईला सहा.

महाडला मानसीनं दार उघडलं. उंबऱ्यावर ताजं हळदकुंकू. घर लख्ख. तिनं पाणी दिलं, स्वतः घेतलं नाही.

"उपास?"

"हो. चारही गुरुवार करते मी. नारळावरच का होईना." ती हसली. "मुखवटा गेला म्हणे. समीक्षाला सांभाळता यायला हवा होता."

"काल संध्याकाळी तुम्ही कुठे होता?"

"इथंच. पार्टी होती. स्टेटस सगळ्यांनी पाहिलंय."

"किती वाजता सुरू झाली?"

"साडेसहाला. दहापर्यंत चालली."

"कोण कोण होतं?"

"खालच्या गीताबाई, समोरच्या जानकीबाई, आणखी चौघी."

हॉलच्या कोपऱ्यात स्टिकरची रांगोळी होती, कडा झिजलेल्या. तिच्या मधोमध मोकळी फरशी. उदबत्तीचा वास मात्र आतल्या बंद खोलीतून येत होता.

"घट आत मांडलात?"

"हॉलमध्ये पार्टीचा पसारा होता ना."

सरितानं सोफ्याखाली पाहिलं, टेबलाखाली पाहिलं. पसारा तर सोडाच, केकचा एक कणही नव्हता.

"छान आवरलंत," ती म्हणाली.

खाली गीताबाई लुगडं नेसून तयार बसल्या होत्या. चारला त्यांना उतेकरांकडे उद्यापनाला जायचं होतं.

"काल पार्टीला गेला होता?"

"गेले होते की." हे म्हणायला त्यांना जरा वेळ लागला.

"काय होतं खायला?"

"केक होता. आणि पनीरचं काहीतरी. चांगलं होतं."

"आज वर दर्शनाला गेलात?"

"नाही बाई. तीन गुरुवार सकाळी हाक मारायची. आज नाही मारली." गीताबाईंचा ओठ किंचित वाकडा झाला. "पार्टीत नव्या मैत्रिणी भेटल्या असतील."

"पार्टीत तुम्ही होतातच ना?"

"होते की. म्हणजे, लवकर आले मी."

समोरच्या दारात जानकीबाईंनी सांगितलं की त्या उशिरा गेल्या होत्या, पावभाजी होती आणि गीताबाई भिंतीकडेला बसल्या होत्या. भिंत कोणती, ते त्यांना आठवेना.

सरिता जिन्यातच थांबली. मोबाइलवर तिसरा फोटो मोठा केला. मग त्यातच पंचांग काढून मागच्या दोन वर्षांचे महिने पाहिले. पोलीस लाइनीत ती दर वर्षी हिशेबच ठेवायची, कारण मार्गशीर्षात शेजारच्या कुणी घेत नसत आणि कोंबडीवाला तिला कलेजी फुकट घालायचा.

साडेतीन वाजले होते. ती पुन्हा जिना चढली.

"चला मानसीताई. तुम्हीही उद्यापनाच्या सवाष्ण आहात. माझ्या गाडीतून जाऊ."

उतेकरांच्या माजघरात घट मांडला होता, नुसत्या नारळाचा. बायका भिंतीला टेकून बसलेल्या. गीताबाई आणि जानकीबाई एकमेकींकडे बघत नव्हत्या. विपुलला सरितानं अंगणात थांबायला सांगितलं होतं. सवाचार झाले होते.

"फार वेळ घेत नाही," सरिता म्हणाली. "आधी चोराकडे बघू. त्यानं वजनदार निरांजनं सोडली आणि चाळीस रुपयांचं वस्त्र नेलं. चांदी मोडायची असेल, तर वस्त्र कशाला लागतं? ज्याला मुखवटा सजवून घटावर बसवायचाय, त्यालाच ते लागतं. त्यानं कुलूप उघडलं, परत लावलं, किल्ली खाचेत ठेवली. म्हणजे माणूस या घरचं."

"घरचं कोन?" रंगूबाईंनी विचारलं.

"मानसीताई."

"मी पार्टीत होते," मानसी म्हणाली. "साक्षीदार इथंच बसलेत."

"हो, दोघी आहेत. एकीनं पनीर खाल्लं, दुसरीनं पावभाजी. आणि फोटोत चिकन आहे." सरितानं मोबाइल सर्वांत जवळच्या बाईच्या हातात दिला. तो हातोहात फिरू लागला. "कालचा दिवस मार्गशीर्षातला. शेवटच्या गुरुवारची आदली संध्याकाळ. मानसीताई व्रत करतात. या दोघीही करतात. महिनाभर ज्या घरात अंडं शिजत नाही, तिथं काल कोंबडी कुठून आली?"

मोबाइल गीताबाईंपाशी येऊन थांबला.

"आली नाही. मागच्या वर्षीही ख्रिसमस मार्गशीर्षातच होता. त्याच्या आदल्या वर्षी मात्र दोन दिवस आधी महिना संपला होता. तेव्हा मानसीताई नेरूळला होत्या. पार्टी तिथली, मैत्रिणी तिथल्या. जुने फोटो चाळताना त्यांनी एकच पाहिलं, आपण कुठल्या फोटोत छान दिसतो. ताटलीकडे लक्ष गेलं नाही."

"मग ह्या दोघी गेल्या कुठं होत्या?" रंगूबाईंना काही कळेना.

"कुठेच नाही. सांगा गीताबाई."

गीताबाईंनी बांगड्या मागेपुढे केल्या. "बोलावणं होतं. पण आज इथं यायचं, उपासाची तयारी, म्हणून मी नाही म्हटलं. मग साडेसातला ते सहा ग्लास दिसले. वाटलं, मी सोडून सगळ्या गेल्या. आता मी एकटीच गेले नाही, असं कसं सांगू?"

"तू नव्हतीस?" जानकीबाई म्हणाल्या. "अगो, मग मी तुला भिंतीला कशाला बसवलं?"

कोपऱ्यात कोणीतरी हसलं आणि पदर तोंडाला लावला.

"मानसीताईंना खोटे साक्षीदार उभे करावे लागलेच नाहीत," सरिता म्हणाली. "प्रत्येकीला दुसरीचा हेवा वाटला आणि ती आपणहून साक्षीला उभी राहिली. काल संध्याकाळी मानसीताई इथं आल्या. घर रिकामं आहे, हे बोलावण्याच्या वेळेवरून त्यांना ठाऊकच होतं. मुखवटा घेतला आणि आज तो घटावर बसवला, हॉलमध्ये नव्हे, आतल्या खोलीत. म्हणून गीताबाईंना दर्शनाची हाक गेली नाही."

"कशावरून?" मानसीचा आवाज बारीक झाला होता.

"मी तुमची खोली उघडली नाही. घट उद्या सकाळपर्यंत हलवायचा नसतो, तेवढं मलाही कळतं. पण तुमच्या मोबाइलमध्ये आज सकाळचा एक फोटो असणार. तो काढल्याशिवाय तुम्हाला राहवलं नसणार."

मानसीनं मोबाइल उघडून सासूच्या मांडीवर ठेवला.

फोटोत घट होता. मुखवट्याला नथ, लाल वस्त्र, शेवंतीची वेणी. फारच देखणा मांडला होता. समीक्षानं वाकून पाहिलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "वेणी किती छान घातलीय."

"सोळा वर्षं त्याची वाट बघितली," मानसी म्हणाली. "थोरली मी. सहा जणींना बोलावलं. सहाही जणी म्हणाल्या, उद्या तुमच्या जावेकडे उद्यापन आहे. माझ्याच मैत्रिणी. माझ्याकडे कोणी आलं नाही आणि तिच्याकडे सगळ्या येणार. मला वाटलं, एक गुरुवार तरी तो माझ्याकडे असावा. उद्या आणून ठेवणार होते."

"आणि विपुल?" सरितानं विचारलं.

"त्याचं नाव निघेल असं मनात नव्हतं."

"निघाल्यावर?"

मानसीनं मान खाली घातली. "गप्प बसले."

रंगूबाई उठल्या. "घरातलं घरात राहूद्या मॅडम. मी तक्रार नाय करत." त्या दाराशी गेल्या आणि अंगणात पाहून म्हणाल्या, "विपुल, ये रे. च्या घे."

विपुल जागचा हलला नाही.

"चहा नको आजी. सकाळी माझं नाव या पायरीवरून घेतलंत. वाडीनं ऐकलं. माझ्या बाबांना घरी बसून ऐकू आलं. आता जे काय बोलायचं, ते तेवढ्याच आवाजात बोला."

रंगूबाईंनी मागे बायकांकडे पाहिलं. कुंपणापलीकडे सकाळचीच माणसं पुन्हा गोळा झाली होती. साडेचार वाजून गेले होते. म्हातारीनं पायरीच्या खांबाला धरलं.

"विपुलनं मुखवटा नाय घेतला," ती म्हणाली. मग आवाज आणखी चढवला. "मी उगाच नाव घेतलं त्याचं. माझं चुकलं. घरातल्याच मानसानं घेतला."

"कुणी?" कुंपणाकडून कोणीतरी विचारलं.

रंगूबाईंनी नाव घेतलं नाही. घरची अब्रू त्यांनी तोंडात धरून ठेवली होती. विपुल तसाच उभा. नाव नसलेल्या चोराचा संशय कुणावर राहतो, हे त्याला माहीत होतं.

मागून मानसी आली. सासूच्या शेजारी, त्याच पायरीवर उभी राहिली.

"मी घेतला," ती म्हणाली. कुंपणापलीकडच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल, एवढ्यानं म्हणाली.

सरितानं ठाण्यात फोन लावला.

"तो पडताळणीचा अहवाल टाइप करा. विपुल धम्मपाल साळवी. तक्रार, गुन्हा, सगळ्या रकान्यांत निरंक लिहा. सहीला मी येतेय, वीस मिनिटांत."