बिल्ला कोरा होता

ही गोष्ट खरी आहे. खोटी वाटली, तर तुमचं नशीब चांगलं.

गेल्या माघात घडली. कर्जतला, उल्हास नदीच्या काठी. भर उन्हात!

माझा मामा, कळंबचा कोंडीराम, दूरच्या एका अणुवीज केंद्रात कंत्राटी कामगार होता. तिथं पाइप फुटला. किरणोत्सारी पाणी पसरलं. ते आवरायला कामगार पाळीनं आत जायचे.

छातीवर बिल्ला असायचा. आत फिल्म. अंगावर किरणं किती पडली, ते तिच्यावरून कळायचं. जास्त पडली की माणूस घरी, रोजी बंद. म्हणून सगळे बिल्ला बाहेरच खिळ्याला अडकवून आत शिरायचे.

मामानंही तेच केलं.

साहेबांनी फिल्म धुतली. कोरी! म्हणाले, "याला धोका नाही."

मामा घरी आला. केस झडले, तोंडातून रक्त आलं. तो गेला.

दहाव्याला पिंड ठेवला. झाड कावळ्यांनी भरलेलं...

एकही खाली येईना.

थोरले आबाजीमामा हात जोडून म्हणाले, "कोंड्या, घोर करू नको रं. तुज्या जागेवर सख्याला घेनार हायत."

सगळे कावळे एकदम उडाले.

झाड रिकामं. नदीही गप्प...

आणि आमच्या मागून कोंडीराममामाचा आवाज आला.

"सख्या, भाईर ये... लवकर भाईर ये!"

सख्या, त्याचा मुलगा, समोरच उभा होता. उघड्यावर.

"आवं, पोरगं हितंच हाय की!" सख्याची आई, ठकूमामी, किंचाळली. मागं कुणीच नव्हतं.

शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला.

सख्या कामावर गेलाच. मामीनं बजावलं, "मेलास तरी बिल्ला काढू नको."

त्यानं काढला नाही. पावसाळ्यात पुन्हा गळती झाली, त्यालाच आत धाडलं. या वेळी फिल्म काळीकुट्ट निघाली. साहेब हळहळले. किरणांचं माप अगदी बरोबर आलं होतं, पण त्यावर औषध कुणाकडेच नव्हतं.

सख्या आता ओटीवर पडून असतो.

परवा दुपारी मी त्याच्याजवळ बसलो होतो. अंगणातून आवाज आला...

"भाईर ये, सख्या."

अंगण रिकामं होतं. मी सख्याचा हात घट्ट धरला. मला रडू आलं.

"सोड रं," तो म्हणाला. "बाबा कवाचा उबा हाय."

मी अजून कळंबलाच आहे. सख्याला सोडून निघायचा धीर होत नाही.