सीट भरेपर्यंत

नारायणगावच्या स्टँडवरून आणे गावाला जाणारी जीप सीट भरल्याशिवाय सुटत नाही. म्हणून मी तिच्यात बसूनच माझ्या शॉर्टफिल्मची पटकथा दुरुस्त करत होते. शेजारी बसलेला मुलगा कागदात डोकावतोय हे कळत होतं, पण मी तिकडे दुर्लक्ष केलं.

"ही दोघं अजून बोलत्यातच?" तो शेवटी म्हणाला.

"अकरा पानं," मी म्हणाले. "वृषाली, आमची दिग्दर्शिका, म्हणते कमी कर, नाहीतर सीनच काढते."

त्याचं नाव रत्नदीप. तो बाजारपेठेत लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचा आणि संध्याकाळी आण्याला घरी जायचा.

"नवरी निघताना तासभर रडारड असती. मी मधी गाडीला हार बांधणारा दाखवतो... मंग परत नवरी. लोकं कंटाळत न्हाईत."

"माझ्या सीनमध्ये काही बदलतच नाही, त्याचं काय?"

"सीनमधल्या पोरीला पायजे काय?"

"त्याने थांबावं."

"मंग म्हणत का न्हाई ती?"

मला त्याचा राग आला, कारण हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता. तेवढ्यात या जीपच्या रोजच्या पॅसेंजर गोजरबाई भाजीची पिशवी घेऊन चढल्या आणि "सरका की वाईच" म्हणत त्यांनी आम्हाला एकमेकांना चिकटवलं. त्याचा दंड माझ्या दंडाला लागला, आणि आम्ही दोघंही एकदम... भाजीच्या भावावर बोलायला लागलो. घरी जाऊन मी तो सीन उचलून जीपमध्ये नेला. नवा पॅसेंजर चढला की दोघांना सरकावं लागतं, विषय बदलावा लागतो. सीन चार पानांवर आला आणि वृषालीने ठेवला.

पुढे पावसाळाभर आम्ही एक मूर्खपणा केला. सगळं जग भरत आलेली जीप पकडतं. आम्ही रिकामी शोधायचो.

"ती सुटतीय की, तिच्यात बसा," सावळेराम ड्रायव्हर म्हणायचा.

"तिच्यात लई उकडतं," रत्नदीप सांगायचा. तो नखशिखांत भिजलेला असायचा.

भाद्रपदात त्याला हैदराबादला नोकरी लागली. शेवटच्या संध्याकाळी जीप रिकामी होती आणि माझं वाक्य तयार होतं. पण मी आधी हवेवर बोलले, मग हैदराबादच्या उन्हाळ्यावर, मग त्याच्या नव्या बॅगेवर. एकेक सीट भरत गेली. सावळेरामने गाडी सुरू केली, तेव्हा मला कळलं, आता सगळ्यांसमोर बोलायचं, नाहीतर राहूनच जाणार.

"रत्नदीप, तिकडं..."

"काय?"

"तिकडं जेवणाचे हाल होतील तुझे."

"आगं, बोलायचंय ते बोल की पोरी," समोरच्या सीटवरून गोजरबाई म्हणाल्या. "मला आळेफाट्याला उतरायचंय."

"मला तू आवडतोस," मी म्हणाले. आवाज इंजिनापेक्षा मोठा निघाला. "जाऊ नको म्हणत नाही. पण परत ये. माझ्यासाठी ये."

सगळी जीप आमच्याकडे वळून बघायला लागली. हा आता हसणार, असं मला वाटलं.

"येतो," तो म्हणाला. "मला बी तेच म्हणायचं व्हतं. धीर व्हत न्हवता."

पुढे बोलायला माझ्याकडे बरंच काही तयार होतं. त्याने माझा हात हातात घेतला आणि त्यातलं काहीच आठवेना. गोजरबाईंनी डोळ्यांना पदर लावला. आळेफाटा आला आणि मागे गेला, तरी त्या उतरल्या नाहीत.