हुतुतूच्या मैदानावरचा हात

ही ऐकीव गोष्ट नाही. माझे सख्खे मामा, निवृत्ती, यांच्या डोळ्यांसमोर घडलेली आहे. मामा गप्पा हाणणाऱ्यातले नाहीत. पटलं तर घ्या.

साल १९६४. खामगाव तालुक्यातलं पिंपळगाव राजा. दसरा तोंडावर आला होता.

महाराष्ट्र झाला त्याच वर्षी गावातल्या पोरांनी हुतुतूचा संघ काढला. मैदान नदीकाठी. जागा इंद्रभानच्या वडिलांची, म्हणून कप्तान इंद्रभान. मामाही त्याच संघात. पोरांनी स्वतः बाभळी तोडल्या, ढेकळं फोडली, माती चाळून अंथरली. बघता बघता संघाचं नाव झालं. पार सोनाळ्यापर्यंत जाऊन सामने मारून आले.

पण खरा खेळाडू सहदेव. चढाईला गेला की त्याचा दम तुटायचा नाही. त्याचा घोटा कुणाच्या हाती लागायचा नाही.

त्या चौसष्ट साली संघाला पहिल्यांदाच जिल्ह्याच्या सामन्यांना जायचं होतं. पोरं म्हणाली, कप्तान सहदेवला करू.

इंद्रभान उठून घरी गेला.

आणि त्याच आठवड्यात सहदेव नदीच्या डोहात मेलेला सापडला.

पट्टीचा पोहणारा. पाणी त्या जागी जेमतेम छातीभर. आणि त्याच्या उजव्या घोट्यावर...

बोटांचे काळेनिळे वळ.

पोलीस आले, गेले. पाय घसरला, असं ठरलं. गावाला ते पटलं नाही. घोटा असा कचकून धरायला कोण शिकलं होतं? संघाचीच पोरं ना?

तेव्हापासून संघातलं बोलणं कमी झालं. एकानं पाणी दिलं तर दुसरा आधी त्याच्या तोंडाकडे बघायचा, मग तांब्या घ्यायचा.

तरी सराव सुरू झाला. इंद्रभाननंच सुरू केला.

पहिल्या दिवशी मामा चढाईला गेले. दिवस अजून मावळला नव्हता. समोर इंद्रभान, कडूबा, दयाराम आणि आणखी काही जण. सगळे मागच्या रेषेला टेकलेले. मामांच्या आसपास कुणी नाही.

हुतुतू... हुतुतू... हुतुतू...

अचानक मामांचा पाय जागीच अडकला.

थंडगार. ओला. घट्ट.

मामा तोंडावर पडले. वळून बघितलं तर मागं कुणी नव्हतं. घोट्याला मात्र चिखल लागला होता... आणि मैदान तर कोरडं ठणठणीत.

"कोनं धरलं बे?" इंद्रभाननं विचारलं.



"निवृत्ती नाटक करून राह्यला," दयाराम हळूच म्हणाला. "दुसऱ्यावर ढकलाले."

मामांना ते लागलं. पण त्यांच्या मनात वेगळंच चाललं होतं. सहदेवच आला असेल तर त्यानं आपल्यालाच का धरलं?

गोष्ट गावात पसरली. दुसऱ्या दिवशी सरावाला सहदेवची आई आली. गोजरबाई. नवरा आधीच गेलेला, एकुलता एक पोरगा. पदर खोचून ती मधल्या रेषेपाशी उभी राहिली.

"तिकडचं सारं मैदान खाली करा," ती म्हणाली. "मंग एकएक जन आत जा. दम धरून. माहा पोरगा ज्याले धरन, त्यानंच त्याले बुडवलं."

"काकू, हे काय बोलता..." इंद्रभान पुढे झाला.

"काऊन? भेव वाटते का तुले?"

इंद्रभान मागे सरला.

आधी कडूबा गेला. रिकाम्या मैदानात दम घुमवत फिरला, परत आला. दयाराम गेला, आला. मग इंद्रभान. तो अगदी मागच्या रेषेपर्यंत गेला, क्षणभर थांबला...

आणि परत आला.

काहीच झालं नाही.

आता सगळे मामांकडे बघू लागले. काल धरलं होतं ते यांनाच. आज पुन्हा धरलं तर गाव काय करील, हे मामांना ठाऊक होतं. हुतुतू म्हणताना आवाज चिरकत होता. तरी ते गेले. फिरले. पाय मोकळाच राहिला.

राहिलेलेही जाऊन आले. कुणालाच धरलं नाही.

मग गोजरबाईनं चपला काढल्या आणि स्वतःच रेष ओलांडली. लेकरू जिथं खेळलं ती माती तिला कपाळाला लावायची असेल.

ती वाकली...

आणि कुणीतरी ओढावं तशी खाली बसली.

सगळ्यांनी बघितलं. तिच्या घोट्याभोवतीचं लुगडं मुठीत धरल्यासारखं आवळलं गेलं होतं. त्यातून पाणी गळत होतं.

मामा पुढे धावले. त्यांना वाटलं, म्हातारी लेकाला हाक मारेल, रडेल.

ती ओरडली नाही. घोटा चाचपत बसून राहिली. मग खालच्या आवाजात म्हणाली,

"हा माह्या सहदेवचा हात नाही."

मामांनी तिला उचलून रेषेबाहेर आणलं. तिचे पाय बर्फासारखे गार होते. सगळे तिच्या पायाकडे बघत होते.

एकटा इंद्रभान नदीकडे बघत होता.

त्या दिवशी संघ मोडला. जिल्ह्याला कुणी गेलं नाही. मैदानावर बाभळी पुन्हा उगवल्या.

पुढे कित्येक वर्षांनी बाजारात मामांनी इंद्रभानला गाठलं. "तवा तू नदीकडे काऊन पाहून राह्यला होता?"

इंद्रभाननं आधी आजूबाजूला बघितलं.

"सहदेव उभा होता तिथं. डोहाच्या काठावर. आन मान हलवत होता... नाही, नाही, अशी."

"कोनाले?"

इंद्रभान गर्दीत निघून गेला.

मामा म्हणतात, आईला परत फीर म्हणत असेल. कधी म्हणतात, इंद्रभानलाच म्हणत असेल, कुणाला काही सांगू नको. आणि कधी म्हणतात, काठावर कुणी नव्हतंच, इंद्रभाननं रचून सांगितलं. मी विचारलं, मग तुम्हाला धरलं ते कुणी? त्यावर मामा विषय बदलतात.

मागच्या वर्षी इंद्रभान वारला. त्याचं घर मामांच्या शेजारच्याच गल्लीत. सगळं गाव मौतीला गेलं.

मामा दार लावून, पाय खाटेवर घेऊन घरात बसून राहिले.