आसगाव ते लुंबिनी

गाडी विकत घ्यायला आलेल्या घनश्यामने तिच्याभोवती दोन चकरा मारल्या, टायरला बुटाचे टोक लावून पाहिले आणि अंगणातल्या खुर्चीवर बसत तो म्हणाला, "चाबी द्या अंकुशभाऊ, एकदा चालू करून पाह्यतो."

अंकुशने भिंतीवरचा खिळा चाचपला. खिळा रिकामा होता. चाबी त्याच्या बायकोच्या, रत्नमालाच्या मुठीत होती, आणि ती मूठ तिने पदराआड अशी आवळून धरली होती की चाबीचे दाते तळहातात रुतत होते.

"गाडी विकाची नाई," ती म्हणाली.

भंडारा जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गोंदिया वेगळा झाला, त्याच्या पुढच्याच वर्षी अंकुशने यात्रेच्या गाड्या न्यायला सुरुवात केली होती. आधी दुसऱ्याची गाडी, मग ही स्वतःची सतरा सीटांची. धान घरात आले की आसगाव, पवनी आणि आजूबाजूच्या गावांतली माणसे गोळा करायची आणि सिवनी, जबलपूर, रेवा करत सारनाथ, बोधगया, कुशीनगर आणि शेवटी सरहद्द ओलांडून लुंबिनी! दरवर्षी वाटेसाठी तिखट पुऱ्या आणि चिवडा रत्नमालाच करायची, सामान टपावर चढवू लागायची, आणि गाडी वळणाआड गेली की रिकाम्या अंगणात उभी राहायची. लुंबिनी पाहायची तिला लग्नाआधीपासून आस होती... पण अंकुशने तिला कधी 'चल' म्हटले नव्हते. आणि आता साखरेच्या आजाराने त्याचा उजवा डोळा गेला होता, डाव्यात धुके साचत चालले होते.

"विकाची नाई तं चालवन कोन?" अंकुशने विचारले.

"मी चालवीन."

तो हसला, पण त्या हसण्यात काटे होते. "तू? तुले तं गाडीत बसल्याबरोबर उलट्या होतेत. पंधरा वर्सं मी मायच्या तोंडून विचारत आलो, पंधरा वर्सं तुयं नाईच. अन् आता स्टेअरिंग धरनार?"

रत्नमालाच्या काळजात काहीतरी कटकन तुटले. विचारत आलो...? तिला कोणीच कधी विचारले नव्हते! आणि गाडी लागणे म्हणजे काय, हे तर तिला जन्मात ठाऊक नव्हते. दरवर्षी यात्रा ठरली की सासू पार्वताबाई खाटेवरून सांगायची, "अंकुश म्हणते, गाडीत जागा नाई. बाईमानूस सोबत नको म्हणते." हे ऐकून ती मान खाली घालायची आणि पीठ मळायला बसायची. नवऱ्याला नकोशी असलेली बाई स्वतः होऊन कशी विचारणार?

तिने घरात पाहिले. पंधरा वर्षांपूर्वी खुबा मोडल्यापासून पार्वताबाई खाटेवरच होती. तिचे न्हाणे, खाणे, अंग पुसणे, सारे रत्नमालाच्या हातचे. म्हातारीने तोंड भिंतीकडे फिरवले होते आणि वाकळेचे टोक ओढून डोक्यावर घेतले होते.

रत्नमालाला सगळे कळले. एका वाक्याचे काम होते. पण परक्या माणसासमोर, पोटच्या मुलासमोर त्या म्हातारीची लाज उघडी करायची? ते वाक्य तिने निखारा गिळावा तसे गिळले.

"होत होत्या," ती शांतपणे म्हणाली. "आता नाई होत."

घनश्याम चहा पिऊन रिकाम्या हाताने गेला. त्या संध्याकाळी भांडी घासताना मात्र तिचे डोळे थांबेनात. पंधरा वर्षे! दोन माणसे एका घरात, एका ताटाशी, आणि दोघांच्याही मनात एकच सल... की मी याला नको आहे, मी हिला नको आहे!

पण रडून रस्ता कापला जात नाही. पुढच्या सोमवारी सासूचे सारे आवरून ती एसटीने भंडाऱ्याला गेली आणि गाडी शिकवण्याच्या वर्गात नाव घालून आली. वर्गात सासरी गेलेल्या तिच्या मुलीच्या, रुचिताच्या वयाची पोरे होती. ती एकमेकांना कोपराने ढोसून हसत. पहिल्या परीक्षेत मागे घेताना गाडी खांबाला घासली आणि तिला परत पाठवले. ती पुन्हा वर्गाला जाऊ लागली. गावात बाया म्हणाल्या, "रत्नमालाले म्हातारचळ लागला व." तिने ऐकून घेतले. अंकुश मात्र तिच्याशी कामापुरतेच बोले.

एका सकाळी ती शेताकडच्या रस्त्यावर गाडी काढत असताना एक चाक धुऱ्याच्या उंच कडेवरून घसरून खालच्या धानाच्या बांधीत उतरले. इंजिन घरघरू लागले. अंगणातून काठी टेकत अंकुश आला आणि ओरडला, "दुसऱ्या गिअरमंदी काहून रडवून राहिली तिले? पहिला टाक. क्लच हळू सोड."

गाडी वर आली. तो शेजारच्या सीटवर बसला आणि त्या दिवसापासून रोज बसू लागला. इंजिनाच्या आवाजावरून तो तिच्या चुका सांगे. दुसऱ्या खेपेला ती पास झाली, आणि पुढे यात्री नेण्याचा परवानाही हाती आला.

धान निघाले. पंधरा यात्रेकरूंची नावे आली. वाट माहीत असलेला माणूस सोबत हवाच होता, पण अंकुश म्हणाला, "मी नाई येत. रस्ता कागदावर लिहून देतो. तुले मायी सोबत कधी पाह्यजेच नोती."

त्या दिवसापासून पार्वताबाईने ताट परत पाठवायला सुरुवात केली. एक दिवस गेला, दोन गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी रत्नमाला पेज घेऊन खाटेजवळ बसली, तशी म्हातारीने वाटी दूर सारली आणि मुलाला हाक मारली.

"अंकुश... तिले उलट्या कधीच झाल्या नाईत, बापू. मी खोटं बोलली. तुले एक सांगतलं, तिले दुसरं सांगतलं. दरसाली."

अंकुश दाराची चौकट धरून उभा राहिला.

"तुया बाप खाणीवर कामाले जातो म्हणून गेला, त्याच दारातून. परत आलाच नाई. मले वाटे, तू गेला अन् हेही गेली, तं मले पानी कोन पाजन?" तिच्या सुरकुतल्या गालांवरून आसवे ओघळू लागली. "तवा अंगनात हे एक शबद बोलली असती तं मायं तोंड काळं झालं असतं. नाई बोलली रे. तवापासून मले घास गोड लागत नाई."

 मग अंकुशने बायकोकडे तोंड वळवले. "तुले मालूम होतं?"

"त्याच दिवशी समजलं."

"मंग बोलली काहून नाई?"

"बोलली असती तं आपलं भांडन मिटलं असतं, अन् मायचं म्हातारपन नासलं असतं." तिने वाटी पुन्हा पुढे केली. "राग हाये मले, माय. लवकर जानार नाई तो. पन तुमाले उपाशी ठेवून मी गाडी काढनार नाई. खा."

पार्वताबाईने तोंड उघडले. चार घास झाल्यावर तीच म्हणाली, "मंदाले बोलाव पवनीहून. माय सांभाळाचा तिचाही हक्क हाये. तुमी दोघंही जा." मंदाबाई, अंकुशची थोरली बहीण, दुसऱ्याच दिवशी पिशवी घेऊन आली.

गाडी निघाली. रत्नमालाने सिवनीचा घाट चढवला, जबलपूरची गर्दी ओलांडली, रेव्यापुढे धुक्यात दिवे लावून गाडी बैलाच्या चालीने नेली. ढाब्यावर लोक खाली वाकून ड्रायव्हर पाहत. अंकुश शेजारी बसून सांगे, "आता उजवीकडं पूल येईल," आणि पूल येई. सारनाथ झाले, बोधगया झाले, कुशीनगर झाले. प्रत्येक ठिकाणी अंकुश "मी गाडीजवळ थांबतो" म्हणे, आणि ती यात्रेकरूंसोबत जाऊन येई. ड्रायव्हरची ती जुनी सवय, असे तिला वाटे.

नवव्या दिवशी लुंबिनी आली. यात्रेकरू फाटकातून आत गेले. अंकुश गाडीच्या पायरीवर बसून राहिला.

"चला न जी," ती म्हणाली. "गाडीले कुलूप लावते."

"तू जा."

"तुमी तं कित्तीदा पाह्यलं असन. मले दाखवा तरी."

तो काठीने मातीत रेघ ओढत राहिला. मग म्हणाला, "मी एकदाही आत गेलो नाई."

"म्हंजे?"

"इथंच बसाचो. बोधगयेलेही, सारनाथलेही. वाटे, तू कधीतरी हो म्हणशील, तवा दोघंही जाऊ. तुयाबिगर पाहून घेतलं तं मंग तुले दाखवतानी काय नवं राह्यलं असतं?" त्याने डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला, जणू त्याने काही फरक पडणार होता. "आता तू आली... तं मले धडाचं दिसत नाई."

रत्नमालाला वाटले, इथेच बसून मोकळ्या गळ्याने रडावे. पण दर्शनाची वेळ संपत आली होती, आणि आता आणखी एक दिवसही वाया घालवायची तिची तयारी नव्हती. तिने गाडीला कुलूप लावले, खाली वाकून त्याच्या पायांतल्या चपला काढल्या, आपल्या काढल्या आणि त्याचा हात आपल्या खांद्यावर ठेवून घेतला.

"फरशी गार हाये," ती म्हणाली. "समोर तळं हाये, हिरव्या पान्याचं. काठावर पिंपळ हाये, त्याले पताका बांधल्या हायेत. पांढरं देऊळ हाये. हळू चाला... आपल्याले काही घाई नाई."