कोबीचे तीन वाटे

"सोडा."

"तुम्ही सोडा."

"मी आधी हात लावला."

"मी आधी बघितला होता!"

बाजार उठायची वेळ झाली होती. पत्र्याच्या छपरावर पाऊस भुरभुरत होता, आणि कोबीच्या एका क्रेटची दोन टोकं धरून आम्ही दोघं उभे होतो. त्याच्या कानाच्या पाळीवर पिवळ्या ऑइलपेंटचा ठिपका होता, आणि तोंडभर हसू. भांडताना माणसाने इतकं छान हसू नये, समोरचा आपला मुद्दाच विसरतो.

"अख्खा क्रेट घ्यायचा असेल तरच हा भाव," भाजीवाल्या मावशी म्हणाल्या. "दोघं मिळून घ्या नाहीतर दोघंही निघा. मला घरी जायचंय."

"एकाने वाटे करायचे, दुसऱ्याने आधी उचलायचं," तो म्हणाला. "आमच्याकडे भावंडांत असंच चालतं. कुणाचं भांडण होत नाही."

त्याने वाटे केले, मी उचलला. मोठा उचलला, लाज कशाला बाळगू?

मला कोबीची गरज होती. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं होतं, आणि नेमक्या त्याच महिन्यात बाबांच्या कारखान्यातल्या पाळ्या कमी झाल्या. घरात एकेक खर्च कापायला बसलो, तेव्हा माझी डाएटची बिस्किटं आणि महागडे डबे पाहून दादा म्हणाला, "जाड व्हायला फुकट आणि बारीक व्हायला पैसे? हा कुठला न्याय?" मला इतका राग आला की सगळ्या घराचा बाजार मीच माझ्याकडे घेतला. म्हटलं, बिलही उतरवते आणि मीही उतरते, बघाच. तेव्हापासून रविवारी दुपारी, भाव पडले की मी हजर.

आणि तोही हजर. घरं रंगवायचा. घरी वडील आणि दोन बहिणी. मला 'भागीदार' म्हणायचा.

"काय भागीदार, आज काकडी की दुधी?"

"जे स्वस्त असेल ते. माझ्या आवडीनिवडीला सध्या सुट्टी आहे."

"कशाला एवढा छळ करून घेता? चांगल्या तर दिसता."

"तुम्ही भिंती बघा," मी म्हणायचे, आणि पुढचा अख्खा आठवडा त्या 'चांगल्या तर' वर काढायचे. भूक लागली की तेच आठवायचं. पोट भरत नव्हतं, पण वेळ छान जायचा.

मग एका रविवारी तो तिला घेऊन आला.

"ही आमच्या खालच्या मजल्यावरची. आजपासून तिसरी भागीदार."

मी मनातल्या मनात तिचं नाव ठेवलं — बासरी. तशीच होती. सरळ, सडपातळ, कुठूनही वारा जावा अशी. आणि हातात क्रीमचा बन! माझ्यासमोर, चार घासांत तिने तो संपवला आणि बोटं चाटली. मी नुसता वास घेतला असता तरी वजनाचा काटा पुढे सरकला असता.

"अगं, तू ही पिशवी धर," तो तिला म्हणाला.

तू! मला इतके महिने 'तुम्ही', आणि हिला तू. शिवाय ती काहीतरी पुटपुटली आणि तो खो खो हसला. माझ्या बोलण्यावर तो इतका कधी हसला होता? मी आठवत राहिले. नव्हता हसला. माझ्या अंगाची नुसती आग झाली.

संध्याकाळी मी कोबी चिरत होते, तर वहिनी दारातून म्हणाली, "कोबीने तुमचं काय घोडं मारलंय? भुगा झाला त्याचा."

"सॅलड बारीक लागतं."

"आणि डोळे का लाल झालेत? कांदा तर दिसत नाही कुठे."

मी दुसरा गड्डा ओढला. त्या आठवड्यात माझं वजन मात्र झरझर उतरलं. दादा म्हणाला, डाएट लागू पडलं. कसलं डाएट! मला घासच उतरत नव्हता.

यावरही नशिबाचं समाधान झालं नाही. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. गुरुवारी दुकानाचं दार उघडलं, आणि दोघं आत. हिला म्हणे लांबचं दिसत नव्हतं.

मी तिला मशीनसमोर बसवलं. हनुवटी टेकवा, कपाळ टेकवा, हिरव्या दिव्याकडे बघा. भिंगातून तिचा डोळा मोठा होऊन माझ्यासमोर आला. तपकिरी, टपोरा, पापण्या लांबलचक. माणसाने कुठेतरी तरी कमी असावं ना!

"फ्रेम तुम्हीच निवडा," तो मला म्हणाला. "तुमची नजर चांगली आहे."

मी खालच्या कप्प्यातून एक फ्रेम काढली. जाड, चौकोनी, काळपट हिरवी. गेल्या वर्षापासून ती पडून होती, कुणी फुकटही नेली नसती. चेहऱ्यावर निर्विकार भाव आणून मी ती बासरीच्या नाकावर चढवली.

ती इतकी सुंदर दिसली की शेजारच्या गिऱ्हाईकाने तीच फ्रेम मागितली.

"वा!" तो म्हणाला. मग हळूच माझ्याकडे वळला. "तुम्ही बऱ्या आहात ना? तोंड उतरलंय…"

"डाएट चालू आहे," मी म्हटलं, आणि पावती फाडताना पावतीच मधोमध फाडली.

त्या रात्री मी ठरवलं, हा सोक्षमोक्ष लावायचा. आवडत असेल त्याला बासरी, तर आवडू दे, पण मला दिसू दे. मग मी माझा बाजार दुसरीकडे नेईन.

रविवारी मी म्हणाले, "आज वाटे मी करणार."

क्रेट पुन्हा कोबीचाच होता. मी तीन ढीग लावले. एकात घट्ट, टवटवीत गड्डे. दुसऱ्यात बरे. तिसऱ्यात कडेने काळे पडलेले, अळीने चाळण केलेले. बघू या, चांगला वाटा हा कुणाला देतोय. रागाच्या भरात मी एक गोष्ट विसरले होते. वाटे करणाऱ्याला शेवटी उरेल ते घ्यावं लागतं. म्हणजे सडका वाटा मीच माझ्यासाठी लावून ठेवला होता.

"तू उचल आधी," तो बासरीला म्हणाला.

झालं. दिसायचं ते दिसलं. तिने अर्थातच पहिला ढीग उचलला.

आता त्याची पाळी. त्याने दोन्ही ढिगांकडे पाहिलं, मग माझ्याकडे… आणि खाली वाकून सडका ढीग पिशवीत भरायला लागला.

"अहो, आंधळे आहात का?" मी ओरडलेच. "उद्या दुकानात या, तुमचाही नंबर काढते!"

"दिसतंय मला."

"मग तो कशाला घेता?"

"नाहीतर तुम्हाला आला असता," तो पिशवीत बघत म्हणाला.

बासरीने कपाळावर हात मारला. "देवा! आता मीच सांगते. यांच्या घरी कोबी कुणी तोंडात घालत नाही. याला तर वासानेच मळमळतं. कोबी काय, दुधी काय, इतके महिने आमच्याकडे फुकट येत होतं सगळं. आई म्हणाली, हा मुलगा एक तर वेडा झालाय, नाहीतर कुणाच्या तरी प्रेमात पडलाय. मग बहिणींनी पैशांचा जाब विचारला, तेव्हा आला माझ्याकडे रडत. तू वाटा घे, पैसे भर, नाहीतर माझा रविवार जाईल!"

"गप गं," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते, आज ठिपका निळा होता.

"म्हणजे तुम्ही दोघं…" मी तिच्याकडून त्याच्याकडे बोट फिरवलं.

"मी आणि हा?" बासरी किंचाळली. "लहानपणी मी याचं नाक पुसलंय, बाई!"

पत्र्यावर पाऊस सुरू झाला. मावशींनी तराजू पुसायचा सोडून आमच्याकडे तोंड केलं.

"खरं आहे?" मी विचारलं.

"तुम्ही आवडता," तो म्हणाला. मग थांबून, अगदी प्रामाणिकपणे, "कोबी नाही."

हसू की रडू, कळेना. एवढं खरं बोलणाऱ्या माणसासमोर आपणही काहीतरी खरं बोलायला हवं होतं. मी बासरीकडे वळले. "ती फ्रेम मी मुद्दाम वाईट निवडली होती. तुम्ही वाईट दिसावं म्हणून. तुमच्यावर जळत होते मी. झोप लागत नव्हती मला."

"काय सांगता! मला तर सगळे विचारतात कुठून घेतली."

"माहितीय. त्याचा राग अजून आहे."

ती हसत हसत, बन शोधायला की काय कोण जाणे, पावसातच निघून गेली. आम्ही दोघं उरलो. मी वाकले आणि त्याच्या पिशवीतले सडके गड्डे एकेक करून माझ्या पिशवीत टाकायला लागले.

"हे काय करताय?"

"वाटे नकोत आता. एकत्रच राहू दे."

पिशवीचा एक बंद त्याने धरला, दुसरा माझ्या हातात राहिला, आणि मधे त्याची बोटं माझ्या बोटांना लागली ती तशीच राहिली.

"जड आहे," मी म्हटलं. "घरापर्यंत आणून द्या."

"घरी सगळे असतील?"

"सगळे. आई, बाबा, दादा, वहिनी. आणि दुपारी आलेल्या माणसाला आई जेवल्याशिवाय सोडत नाही."

"जेवायला काय असेल?" त्याने दबकत विचारलं.

"हेच," मी पिशवीकडे बोट दाखवलं. "घरात दुसरं काही नाही."

त्याने एक मोठा श्वास घेतला आणि म्हणाला, "दोनदा वाढून घेईन."

त्याचा तो पडलेला, शूर चेहरा मी पाहिला, आणि माझी खात्री पटली. या माणसाचं माझ्यावर प्रेम होतं.