चार्वीचा सर्वांत चांगला दिवस

संशोधन केंद्रातल्या खाटेवर बसून आठ वर्षांची चार्वी चित्रातल्या वाघाला पट्टे काढत होती. अंगात एकशे तीन ताप होता, दोन्ही गुडघे सुजलेले होते. तिच्या कपाळावरच्या स्वास्थ्यमापकाने आकडा दाखवला: शंभरपैकी एक्याण्णव.

"यंत्र बिघडलंय," तिची आई कल्याणी म्हणाली.

"बिघडलेलं नाही," डॉ. इनामदार म्हणाल्या. "ते मेंदूची आजची स्थिती त्याच मुलाच्या सर्वांत चांगल्या दिवसाशी ताडून पाहतं. हिचे सांधे जन्मापासून दुखतात. न दुखणारा दिवस हिच्या मेंदूने पाहिलेलाच नाही. त्याच्या लेखी आजचं सगळं ठीक आहे."

"मग औषध?"

"साठा फार थोडा आहे. आकडा चाळिसाच्या खाली असेल तरच मिळतं."

कल्याणीच्या भावाला सांध्यांच्या दाहाचा हाच आनुवंशिक आजार होता. त्यानेही कधी कुरकुर केली नव्हती. आतल्या आत वाढलेल्या दाहाने विशीतच त्याची मूत्रपिंडं निकामी झाली.

"मूत्रपिंडांना विचारतं का तुमचं यंत्र, तुम्हाला कसं वाटतंय म्हणून?"

डॉ. इनामदारांनी औषधाचं कपाट उघडलं. "चाचणीची एक मात्रा माझ्याकडे आहे. एकच. महिनाभर ही बरी राहील, न दुखणारा दिवस कसा असतो ते हिच्या मेंदूला कळेल. मग ताप परतला की आकडा घसरेल. पण कल्याणीताई, आज हिला जे जाणवत नाही, ते तेव्हा जाणवायला लागेल."

"द्या," कल्याणी म्हणाली.

त्या महिन्यात चार्वी जिन्यावरून उड्या मारत उतरली. लंगडी खेळली आणि हरल्यावर भांडून घरी आली. एकदा जेवताना तिने विचारलं, "तुम्हा सगळ्यांचे गुडघे रोज असेच असतात?"

"हो."

"मग तुम्ही चालता कशाला? पळत का नाही?"

महिना संपला. ताप तेवढाच आला, सूजही पूर्वीइतकीच. आकडा मात्र अठरा. डॉ. इनामदारांनी फोनवर सांगितलं, "मंजूर झालं. पुढच्या खेपेत येईल, तीन महिन्यांनी." कल्याणी फक्त "बरं" म्हणाली.

चार्वी भिंतीकडे तोंड करून कण्हत होती. कल्याणी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"आई, मला पहिल्यासारखं कर ना."

"औषध आलं की होशील, राणी. पुन्हा लंगडी खेळशील."

"तसं नाही," चार्वी म्हणाली. "त्याच्याही आधीसारखं."