काकूंची गाडी डावीकडे ओढते

गाडी एका बाजूला ओढत असेल तर त्यात भुताखेताचं काही नसतं, हे आधीच सांगितलेलं बरं. एका टायरमध्ये हवा कमी असते, नाहीतर एखादा ब्रेक चिकटून बसलेला असतो, नाहीतर चाकांची तोंडं दोन दिशांना झालेली असतात. मिस्त्रीला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यानं हे घडाघडा सांगितलं असतं. त्यामुळे काकूंची जुनी पांढरी गाडी तिसऱ्यांदा त्याच्या गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली, तेव्हा तो घाबरला वगैरे अजिबात नाही. त्याला राग आला.

राग यायला कारणही तसंच होतं. पहिल्या खेपेला त्यानं चारही चाकांची हवा सारखी करून दिली. दुसऱ्या खेपेला पुढचे दोन टायर एकमेकांच्या जागी घातले, म्हणजे खोट टायरमध्ये असती तर गाडी उजवीकडे ओढू लागली असती. डावा ब्रेक उघडून साफ केला, चाकांची तोंडं एका रेषेत आणली. दोन्ही वेळा स्वतः मोठ्या रस्त्यावर नेऊन स्टिअरिंगवरचे हात सोडून बघितलं, आणि गाडी शहाण्या मुलीसारखी नाकासमोर गेली. आणि दोन्ही वेळा काकू घरी पोचतात न पोचतात तोच त्यांचा फोन, "मिस्त्री, डावीकडेच ओढतेय हो."

आता मिस्त्रीचा एक नियम होता. गाडी तपासायला नेताना मालकाला बरोबर घ्यायचं नाही. मालक शेजारी बसला की गाडीचा आवाज ऐकू येत नाही, मालकाचाच येतो, असं त्याचं म्हणणं. मेव्हणा काय म्हणाला, शेजाऱ्याच्या गाडीला काय झालं होतं, सगळं पुराण ऐकावं लागतं. म्हणून मालकाला तो दाराशी बाकावर बसवायचा आणि एकटा जाऊन यायचा. नियम चांगलाच होता. या गाडीच्या बाबतीत तेवढा तो नडला.

काकूंचा हातच डावीकडे जात असणार, अशी त्याची मनातल्या मनात खात्री झाली होती. काकू गाडी शिकल्या काका गेल्यानंतर, साठी उलटल्यावर. काका होते तोवर त्यांनी काकूंना उभ्या गाडीतसुद्धा स्टिअरिंगमागे बसू दिलं नव्हतं. दुसऱ्या कोणाच्याही हातावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. एकदा मिस्त्रीनंच त्यांना घरी सोडलं होतं, तर गृहस्थ सगळा रस्ताभर शेजारी बसून पाय दाबून नसलेला ब्रेक मारत होते आणि "बाजूला घे, बाजूला घे" करत होते.

पण आज काकूंचा चेहरा बघून त्याचा राग जरा उतरला. त्या नेहमीसारख्या हसल्या नाहीत. काल गाडीनं शेजाऱ्यांच्या फाटकाला नाक लावलं, म्हणाल्या. गाडी होती दिरांच्या नावावर. दीर वाईट माणूस नव्हते, पण काळजीनं त्यांची झोप उडाली होती. संध्याकाळी ते इथेच येणार होते. समोरच्या सरळ रस्त्यावर काकूंनी त्यांच्या डोळ्यांदेखत गाडी चालवून दाखवायची, आणि ती तसूभर जरी ओढली तरी आजच भंगारात.

"हसाल तुम्ही मला," काकू म्हणाल्या, "पण ही गाडी गेली की मी परत घरात. कोणी नेईल तेव्हा जायचं, कोणी आणेल तेव्हा यायचं. चाळीस वर्षं तेच केलंय मी, मिस्त्री. आता नाही व्हायचं माझ्यानं."

मिस्त्री हसला नाही. त्यानं हातातला पाना खाली ठेवला आणि नियम मोडायचं ठरवलं. काकूंना म्हणाला, तुम्ही नुसत्या बसा स्टिअरिंगमागे, मला समोरून बघू दे.

काकू बसल्या. मिस्त्री गाडीपुढे उकिडवा बसला. ऊन कलत आलं होतं, शेजारचं लेथवाल्याचं दुकान बंद झालं होतं, आणि गॅरेजमध्ये ग्रीसच्या वासाखेरीज काही नव्हतं. उजव्या सीटवर माणूस बसलं की गाडीची उजवी बाजू जराशी दबते. जुन्या स्प्रिंगची तर हमखास दबते. ही दबली डावी. त्यानं टायर आणि मडगार्डमधल्या फटीत बोटं घालून बघितली. उजवीकडे चार बोटं, डावीकडे तीनच, तीही कशीबशी.

त्यानं काकूंना उतरायला सांगितलं. गाडी सारखी झाली. बसायला सांगितलं. डावी बाजू खाली. पुन्हा उतरा, पुन्हा बसा.

"कवायत घेताय का माझी?" काकू म्हणाल्या.

मिस्त्री उठून उभा राहिला. "काकू... शेजारच्या सीटवर काही ठेवलंय?"

"नाही बाई. पर्ससुद्धा मागे आहे."

काहीतरी सीटखाली अडकलं असेल, अशी मनाची समजूत घालत त्यानं डावं दार उघडलं. आतून लवंगेचा वास आला. तो आत बसला आणि बसल्या बसल्या ताडकन उठला. का उठला ते त्याला नंतर कोणालाच धड सांगता आलं नाही. सीट गार नव्हती, ओली नव्हती. गच्च भरलेल्या बसमध्ये चुकून कोणाच्या मांडीवर बसावं, तसं झालं एवढंच. आणि रिकाम्या सीटला तो चक्क "सॉरी हं" म्हणाला. मग मुकाट्यानं मागच्या सीटवर, अगदी दाराला चिकटून बसला, आणि काकूंना म्हणाला, चला.

रस्ता मोकळा होता. पाण्याच्या टाकीपर्यंत सरळ, दोन्ही बाजूंना गोदामांच्या लांबलचक भिंती. काकू गाडी बेतानं चालवत होत्या, हात अगदी जागच्या जागी. मिस्त्रीनं इतके दिवस त्या हातांवर उगाच संशय घेतला होता, याची त्याला लाज वाटली. इतक्यात समोरून एक सायकलवाला आला. डाव्या सीटपुढची रबरी चटई हळूच दबली, सुटली, पुन्हा दबली. आणि गाडी डावीकडे निघाली.

"बघा, ओढतेय," काकू म्हणाल्या.

मिस्त्री बघतच होता. काकूंचे दोन्ही हात स्टिअरिंगच्या वरच्या बाजूला होते. खाली, डावीकडे, स्टिअरिंगचं मऊ कव्हर चार ठिकाणी आत गेलं होतं. कोणीतरी घट्ट धरावं तसं.

"काकू..." त्यानं मागूनच विचारलं. "काका... लवंग खायचे का हो?"

"अखंड. दाढ दुखायची त्यांची. का बरं?"

"आणि गाडीत... तुम्ही कुठे बसायच्या?"

"म्हणजे काय, इथे डावीकडे. चालवायचे ते."

"आणि आता... तुम्ही उजवीकडे आलात. मग... त्यांना जागा..."

काकूंनी गाडी थांबवली. डावीकडच्या सीटकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या. सीटवरून अगदी बारीक "च्च" असा आवाज आला. मिस्त्री मनातल्या मनात येतील त्या देवांची नावं घेऊ लागला. त्याला वाटलं, काकू आता बेशुद्ध पडतात. पण काकूंचे कान लाल झाले होते. त्या घाबरल्या नव्हत्या, संतापल्या होत्या. त्यांनी गाडी वळवली आणि गॅरेजकडे आणली.

दीर येऊन थांबलेच होते. वहिनींशेजारी बसून बघतो म्हणाले, आणि डाव्या दाराकडे निघालेसुद्धा. मिस्त्री आडवा आला. "साहेब, तिथे नको... म्हणजे मागेही नको. इथे माझ्याजवळ उभे राहा. गाडी सरळ जाते का ते लांबूनच नीट कळतं." दिरांना ते पटलं. गाडी चालवताना फोन जवळ नको म्हणून त्यांनी काकूंचा फोन मात्र आधी मागून घेतला.

काकूंनी इंजिन चालू केलं. मग शेजारच्या सीटकडे वळल्या. आवाज चढवला नाही, पण मिस्त्रीला शब्द न् शब्द ऐकू आला.

"अहो, आता गाडी मी चालवतेय. तुम्ही मागे बसा."

"वहिनी कोणाशी बोलतायत?" दिरांनी विचारलं.

"फोनवर असतील," मिस्त्री म्हणाला.

"फोन माझ्याकडे आहे."

मिस्त्रीचं लक्ष गाडीकडे होतं. पुढची डावी बाजू सावकाश वर आली. थोडा वेळ काहीच झालं नाही. चाळीस वर्षांत न ऐकलेली गोष्ट पचायला तेवढा वेळ लागणारच. मग स्प्रिंग कुरकुरली आणि मागची डावी बाजू खाली गेली, रुसून बसल्यासारखी. मिस्त्रीचा जीव भांड्यात पडला, पण लगेच त्याच्यातला मिस्त्री जागा झाला. वजन पुढून मागे गेलं खरं, पण अजून ते सगळं डावीकडेच होतं. थोडी तरी ओढणारच, आणि आज थोडी ओढूनही चालणार नव्हतं.

एवढ्यात, डावी होती तशीच दबलेली असताना, मागची उजवी बाजूही खाली गेली. अगदी तेवढीच.

गाडी निघाली. टाकीच्या अलीकडे काकूंनी दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढून वर धरले, दिरांना दिसावेत म्हणून. गाडी रेघ मारल्यासारखी सरळ गेली. सरळ परतही आली.

दीर मनापासून खूश झाले. गाडी वहिनींकडेच राहू दे म्हणाले, कागदही त्यांच्या नावावर करून टाकतो म्हणाले, आणि मिस्त्रीची पाठ थोपटून, फोन परत देऊन निघून गेले. काकूंचे डोळे भरून आले होते आणि तोंडभर हसू होतं. खिडकीतून वाकून त्या हळूच म्हणाल्या, "एकदा सांगितलं तर ऐकलं बघा. आधीच सांगायला हवं होतं मी. बसलेत मुकाट, एकटेच."

एकटेच, हे ऐकून मिस्त्रीनं तोंड उघडलं. मग काकूंच्या चेहऱ्याकडे बघून मिटलं. गाडी सरळ जात होती. ती कशामुळे सरळ जातेय ते सांगून काकूंचं भलं होणार नव्हतं.

"सावकाश जा," एवढंच तो म्हणाला.

काकू गेल्या. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर. गाडी कोपऱ्यावर पोचली तेव्हा मागची उजवी काच, आतलं हँडल फिरवत कोणीतरी उघडावी तशी, थांबत थांबत पूर्ण खाली आली.